माप बोलायचं नाही

३ ऑगस्ट, रविवार. दुपारचे दोन वाजले होते. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून मी निळा शर्ट उसवायला घेतला.

शर्ट माझ्या नवऱ्याचा. येत्या आठवड्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. त्याआधी कपडे वाटून टाकायचे असं मी ठरवलं होतं. अकरा शर्ट आणि सात पँटी धुऊन, इस्त्री करून पिशवीत भरल्या. गुरुवारी मुलीचा फोन आला, "आई, अप्पांचा निळा शर्ट देऊ नकोस. माझ्या मापाचा करून दे." मुलगी इंदिरानगरला एका ऑफिसात काम करते आणि तिकडेच मैत्रिणींबरोबर राहते. यशवंतपूरहून रोज जाण्यायेण्यात तीन तास जातात, हे तिचं कारण. कारण खरं आहे. पण अप्पा होते तेव्हाही तीन तासच जात होते, आणि तेव्हा ती घरून जात होती. तेराव्यानंतर पंधरा दिवसांत तिने खोली घेतली. आता रविवारी येते, जेवते आणि चार वाजले की घड्याळ बघते.

मी शिंपीकाम करते. नवीन शिवणं आता कमी, आल्टरेशन जास्त. सासऱ्यांनी हे दुकान टाकलं. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून घर बेंगळुरात, म्हणून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. नवऱ्याने सुई कधी धरली नाही. ते बाजारात एका डाळीच्या ठोक दुकानात कारकून होते. सासऱ्यांनी धंदा सुनेला शिकवला आणि त्याबरोबर एक नियम शिकवला: माप बोलायचं नाही. इतर दुकानांत मास्तर टेप लावून आकडे ओरडतो आणि दुसरा माणूस लिहून घेतो. आमच्याकडे जो मोजतो तोच लिहितो, तोंड न उघडता. "गिऱ्हाइकाचं अंग ही त्याच्या घरची गोष्ट आहे," सासरे म्हणायचे. "शिंप्याने माप घ्यावं, मत देऊ नये. जाड झालात म्हटलं तरी माणूस दुखावतो, बारीक झालात म्हटलं तरी घाबरतो." या नियमाने आम्हाला गिऱ्हाइकं टिकवून दिली. इथल्या बायका लांबून येतात त्या त्यासाठीच. अक्का काही बोलत नाहीत, असं एकमेकींना सांगतात.

घरच्यांची मापं वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला. मशीन, कात्री आणि टेपला हळदकुंकू लावायचं, आणि पूजा झाली की त्याच टेपने घरातल्या प्रत्येकाचं माप घेऊन वहीत लिहायचं. त्या मापाने दिवाळीचे कपडे. इथेही तोच नियम. नवऱ्याला टेप लावतानाही मी कधी आकडा उच्चारला नाही.

जेवणाच्या ताटावर मात्र बोलत होते, आणि भरपूर बोलत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत पुतण्याचं लग्न झालं. फोटो आले तेव्हा सगळ्यांत नवऱ्याचं पोट पुढे आणि नवरा मागे. मुलीने फोन फिरवून सगळ्यांना दाखवला. मी म्हटलं, "अक्षता टाकायला वाकलात तेव्हा दोन बटणं उडाली, ती मी वेचून घरी आणलीत." ते हसले, पण मनाला लागलं असावं. संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू केला. गुरू अर्थात मुलगीच. फोनवरच्या व्हिडिओत कोणीतरी तरुण माणूस रोज सांगायचा की अमुक इतके दिवस हे करा, पोट सपाट. मुलगी तो लावून द्यायची. मशीन आणि पलंगाच्या मधे चटई टाकून अप्पा आडवे व्हायचे, लेक त्यांच्या पावलांवर बसायची आणि मोजायची.

"बारा. अप्पा, मान ओढू नका, पोटातून उठा."

"पोटातून उठता आलं असतं तर हे करायला कशाला लागलं असतं?"

"तेरा. सिक्स पॅक सगळ्यांना असतात अप्पा. तुमच्यावर फक्त गादी घातलीय."

"मग गादी कापसाची की काथ्याची, ते आईला विचार. ती शिवणारी."

मी मशीनवरून म्हणायचे, "जुन्या तुपाची."

आमची समजूत सगळ्या जगाची असते तीच होती. पोट सुटलं तर पोटाचा व्यायाम करायचा. जिथे दुखतं तिथलं जळतं. जितकं जास्त दुखेल तितकं लवकर जळेल. वाढदिवसाला मुलीने त्यांना घाम काढायचा पट्टा आणून दिला. काळा, जाड रबराचा, पोटाला गुंडाळून चिकटवायचा. पट्ट्याच्या आत ते प्लास्टिकही लावायचे, शर्टाचं नवं कापड ज्यात गुंडाळून येतं ते. मी टाकत नव्हते, ते घड्या करून ठेवायचे. व्यायाम झाला की बनियन पिळून दाखवायचे.

"अगं बघ, चरबी वितळून आली."

"वितळली असती तर वास आला असता. खारट पाणी आहे ते."

"तुला कशाचंच कौतुक नाही."

"कौतुक पँट सैल झाल्यावर करीन. सरी? ठीक आहे ना?"

"सरी, सरी."

पँट सैल झाली नाही. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सुमारास शर्ट सैल झाला, पण वरून. कॉलरमधे दोन बोटं जायला लागली. खांदे बाहीवर उतरले. पोटावर मात्र तोच शर्ट ताणून बसत होता. म्हणाले, "जरा करून दे, बाजारात लोक हसतात." मी त्यांना उभं केलं आणि टेप लावला. कॉलर सोळाची सव्वापंधरा. दंड चौदाचा तेरा. पोट त्रेचाळीसचं साडेचव्वेचाळीस. आकडे मी वहीत लिहिले, आधीच्या आयुधपूजेच्या मापाखाली, आणि वही मिटली. बोलले नाही. मनात मात्र विचार केला, आणि काय केला तेही सांगते. मला वाटलं, व्यायाम लागू पडतोय. हातापायांवरचं आधी जातं, पोटावरचं सगळ्यात शेवटी जातं, असं फोनवरचा तो माणूसच सांगत होता. मुलगी रोज तेच म्हणायची, "धीर धरा अप्पा, पोट शेवटी जातं." मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं.

मग मी शर्ट आल्टर केला. खांदे अर्धा अर्धा इंच आत घेतले, बाह्या आवळल्या, कॉलरचं बटण सरकवलं. आणि उरलेल्या निळ्या कापडातून दोन लांब तिकोनी तुकडे कापून दोन्ही कडांना पोटावर कळ्या घातल्या. काम सफाईदार झालं. कळ्या आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नव्हतं.

जूनमधे पुन्हा तेच. कॉलर साडेचौदा, दंड साडेअकरा, पोट साडेसेहेचाळीस. कळ्या उसवून रुंद केल्या. तीस वर्षांत मी हजारो शर्ट आल्टर केले असतील. माणूस जाड होतो तेव्हा सगळीकडून होतो, बारीक होतो तेव्हाही सगळीकडून. वरून आत घेतलेला आणि मधून सोडलेला एकही शर्ट माझ्या हाताखालून गेला नव्हता. हा पहिला. तो मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा इस्त्री करून खुंटीला लावला.

त्याच महिन्यात एकदा अंघोळ करून आले आणि पोट पुढे करून म्हणाले, "मार बुक्की." मी टिचकी मारली. पोट मऊ राहिलं नव्हतं. नारळ ठोकून बघतो तसं घट्ट लागलं.

"लागलं ना? स्नायू. आता वरची गादी उतरली की दिसतील."

वजन वाढलं होतं. मुलगी म्हणाली, "चरबीपेक्षा स्नायू जड असतात." प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं. भूक कमी झाली, तर पथ्य चांगलं पाळतात. थकवा आला, तर व्यायाम जोरात चाललाय. संध्याकाळी पावलं सुजायला लागली, तर दुकानात उभं राहून.

जुलैत आडवं झाल्यावर त्यांना श्वास पुरेना. उशांची उतरंड लावून बसल्या बसल्या झोपायला लागले. तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आधी पोटाकडे पाहिलंच नाही, दंड हातात धरून पाहिला. मग डोळे. मग पोटावर बोटं ठेवून टकटक केलं. "दारू?" त्यांनी विचारलं. आयुष्यात थेंब नाही, आम्ही दोघं एकदमच बोललो. साखर होती, गोळी चालू होती. बाई म्हणाल्या, दारू न पिणाऱ्याचं यकृतही निकामी होतं. पोटात चरबी नाही, स्नायूही नाहीत, पाणी साठलंय. आणि अंगावरचं मांस झडत चाललंय.

मी विचारलं, "रोज शंभर वेळा उठायचे. त्याने काही झालं का?"

"व्यायामाने हे झालं नाही," त्या म्हणाल्या. "पण पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी जाते असं नसतं. पट्ट्याने तर घामच जातो. आणि हात बारीक होत असताना पोट वाढत गेलं, तर तो व्यायामाचा गुण नसतो. तेव्हाच यायला हवं होतं. हे असं कधीपासून आहे?"

पर्समधे मापाची वही नव्हती, पण मला वहीची गरज नव्हती. उगादी. तारखेसकट मला माहीत होतं.

"दोन महिने झाले असतील," मी सांगितलं.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. पट्टा तिच्या हातात होता, कारण तपासण्यासाठी तो सोडून तिच्याकडेच दिला होता.

तिसऱ्या दिवशी सुई घालून पोटातलं पाणी काढलं. बाटल्या भरत गेल्या आणि पोट खाली बसलं. कातडी लोंबायला लागली. त्यांना खूप हलकं वाटलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "गेलं की नाही पोट? म्हणत होतीस जाणार नाही म्हणून. टेप आणलास का? माप घे."

"नाही आणला," मी म्हटलं.

टेप पर्समधे होता. तो नेहमी असतो. बरगड्या दिसत होत्या आणि मला ते आकडे नको होते. पाणी पुन्हा भरलं, मग ताप आला, आणि नवव्या दिवशी ते गेले.

हे सगळं मुलीला माहीत होतं. वही सोडून.

तर आज दुपारी मी तो शर्ट उसवत होते. शर्टाला जोडलेल्या कळ्या काढल्याशिवाय तो मुलीच्या मापाचा होणार नव्हता. शिवण उसवली की जुन्या टाक्यांची भोकं राहतात. धुऊनही लगेच जात नाहीत. कडेला भोकांच्या तीन ओळी होत्या, एकीच्या बाहेर एक. खांद्याला दोन, एकीच्या आत एक. मुलगी जेवून हात पुसत आली आणि शेजारच्या स्टुलावर बसली.

"हे काय? एवढ्या शिवणी कशाच्या?"

"कळ्या घातल्या होत्या."

"कधी?"

"उगादीला. मग जूनमधे."

तिने शर्ट ओढून घेतला आणि अंगाला लावला. खांदा तिच्या खांद्यावर बरोबर बसला. अप्पांचा शर्ट तिला खांद्यात बसला हे तिच्या लक्षात आलं, तसं तिने तो पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला.

"एवढे बारीक झाले होते," ती म्हणाली. "आणि मी त्यांना म्हणत होते, पोट शेवटी जातं."

मी दोरे वेचत राहिले.

"रोज तो माणूस लावून द्यायचे. पट्टा मीच आणला. आई, मी ते केलं नसतं तर ते आधीच डॉक्टरकडे गेले असते. लवकर कळलं असतं तर हातात काहीतरी होतं, असं बाई म्हणाल्या होत्या. तूही होतीस तिथे."

वर्षात पहिल्यांदा ती हे बोलली. तिने खोली का घेतली, ती चार वाजता का उठते, हे मला इतके दिवस साधारण माहीत होतं आणि मी ते असू दिलं होतं. पोरीने ते ओझं उचललं होतं, आणि माझ्या अंगावर ते आलं नव्हतं, यात मला बरं वाटत होतं. हे लिहिताना छान वाटत नाही, पण तसंच आहे.

मी उठले, कपाटातून वही काढली, ते पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

तिला आकडे वाचता येतात, लहानपणापासून दुकानात वाढली आहे. तिने वरची ओळ वाचली, मधली वाचली, खालची वाचली. मग पुन्हा मधल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही उगादी?"

"हो."

"डॉक्टरांना तू दोन महिने सांगितलंस."

"हो."

"चार महिने होते. तुला माहीत होतं."

"आकडे माहीत होते. अर्थ कळला नव्हता. पण आकडे मी कोणाला सांगितले असते, तुला, त्यांना, कोणालाही, तर कोणीतरी म्हणालं असतं की हे काहीतरी वेगळं दिसतंय. तू मोठ्याने बोलत होतीस, चूक का असेना. माझ्या हातात खरं होतं आणि मी तोंड मिटून होते."

"आजोबांचा नियम," ती म्हणाली. आवाज चढला होता. "नवऱ्यालाही नियम? जेवताना तर रोज त्यांच्या पोटावर बोलायचीस!"

"ती थट्टा होती."

"आणि नंतर? आज वर्ष झालं. मी तिकडे रोज हाच विचार करत झोपते. तू रविवारी मला आमटी वाढायचीस आणि गप्प बसायचीस?"

"हो."

"का?"

"तू मला सोडून जाशील असं वाटलं," मी म्हटलं. "आणि तू तशीही गेलीस."

ती रडली नाही. मीही नाही. तिने वही मिटली, जोरात नाही, आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. सगळी भांडी घासली, चकचकीत असलेलीही. मी मशीनवर बसून कळ्या वेगळ्या केल्या, दोरे झटकले आणि शर्टाच्या कडांना इस्त्री केली. कळ्या फेकल्या नाहीत. निळं कापड चांगलं आहे, कॉलरच्या आतून लावायला होईल.

चार वाजले. तिने घड्याळ बघितलं. साडेचार वाजले. मग शटरपाशी येऊन म्हणाली, "आज ट्रॅफिक फार असेल. उद्या सकाळी जाते."

"बरं," मी म्हटलं. "दोडका आहे, चालेल?"

"चालेल." मग दोडका सोलायला घेत, "तुझ्यावर राग आहे माझा."

"असू दे."

"कमी व्हायला वेळ लागेल."

"असू दे म्हटलं ना."

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी सहाला उठून मी पाणी तापत ठेवलं आणि दुकान झाडलं. ती अंघोळ करून आली तेव्हा तिला मशीनशेजारी उजेडात उभं केलं. आयुधपूजा लांब आहे, पण मागच्या वर्षी दुखवट्यामुळे घरात कोणाचंच माप घेतलं नव्हतं. मी टेप लावला. सासऱ्यांच्या तसबिरीकडे पाठ होती, ती मुद्दाम केली नव्हती.

"खांदा पंधरा," मी म्हटलं. मोठ्याने. माझाच आवाज मला दुकानात परका वाटला.

ती दचकली. मग तिने वही ओढली, पेन उघडलं आणि लिहिलं.

"छाती चौतीस. बाही बावीस. कॉलर साडेतेरा."

"हं."

"दंड साडेनऊ." मी टेप काढून पुन्हा लावला. "साडेनऊच. मागच्याला काय आहे बघ."

तिने पान उलटलं. "साडेदहा."

"एक इंच कमी आहे. तिकडे जेवतेस काय?"

"ब्रेड. कधी भात."

"आणि रात्री?"

तिने वहीतल्या साडेनऊखाली रेघ ओढली. मी कमरेचं माप घेतलं, तोही आकडा मोठ्याने सांगितला, आणि तिने तो लिहिला. मग मी तिला डबा भरून दिला, दोडक्याची भाजी आणि पाच पोळ्या, आणि सात वीसच्या बसला बसवून आले. परत येऊन शटर पूर्ण वर केलं आणि निळा शर्ट टेबलावर पसरून खडूने खूण करायला घेतली.